द्राक्षाची वाइन किती टिकते व ती कशी ठेवावी

कांहीं जिन्नस जुने झाले म्हणजे त्यांचें मोल वाढतें व कांहींचें उतरतें, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको. जुना तांदूळ भातास मोकळा होतो, जुना गूळ वैद्य मुद्दाम मागून घेतात. पण कांद्याचें बीं एक पावसाळा गेला कीं भरंवशाचें राहात नाहीं. आमच्या जालना जिल्ह्यांत बियाण्याचा व्यापार एवढा मोठा आहे कीं, पिशवीवरील तारीख वाचल्यावांचून कोणी शहाणा कास्तकार पैसे मोजीत नाहीं. मग द्राक्षापासून होणारी वाइन या दोन वर्गांपैकीं कोणत्या वर्गांत बसते? आपल्याकडील सर्वसाधारण समजूत अशी कीं, ती जुन्या गुळाच्या वर्गांतली. बाटलीवर जितकी धूळ जास्त तितकी तिची योग्यता जास्त. जगांत तयार होणाऱ्या बहुतेक सर्व वाइनच्या बाबतींत ही समजूत खोटी आहे. वाइन कांद्याच्या बियाच्या वर्गांतली आहे, आणि आमच्यासारख्या उष्ण मुलखांत ती अधिकच नाजूक ठरते.

मद्य प्यावें कीं न प्यावें या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. जे पीत नाहींत त्यांस आमचा नमस्कार असो. परंतु द्राक्ष हें आतां आमच्या जिल्ह्याचें पीक झालें आहे. जालना तालुक्यांतील कडवंची गांवानें १९९६ च्या सुमारास पाणलोट क्षेत्राचें काम हातीं घेतलें, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राचें मार्गदर्शन घेतलें, पुढें शेकडों शेततळीं खोदलीं आणि कोरडवाहू जमिनींत द्राक्षाचे मांडव उभे केले. नंदापूर, धारकल्याण या शेजारच्या गांवांतही तेंच वारें गेलें. हीं द्राक्षें जवळजवळ सर्व खाण्याचीं आहेत, वाइनचीं नव्हेत. तथापि भाव पडला, गारपीट झाली, किंवा उधारीवर माल नेणारा व्यापारी परागंदा झाला, कीं कोणीतरी विचारतोच, "वाइनवाल्यांस द्राक्ष दिलें तर काय?" या प्रश्नाचें खरें उत्तर वाइन किती टिकते या दुसऱ्या प्रश्नांत आहे. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. पिकलेल्या द्राक्षाच्या रसांत साखर असते. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव ती साखर खातात व तिचा मद्यार्क आणि कर्बवायु करतात. पाव फुगतो तो याच जीवांमुळें. एक लिटर रसांत सुमारें १७ ग्रॅम साखर असली म्हणजे शेंकडा एक मद्यार्क होतो, असें ढोबळ प्रमाण आहे. वाइनचें द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत पिकवितात, त्यामुळें वाइनमध्यें १२ ते १४ टक्के मद्यार्क येतो. आपण खाण्याचें द्राक्ष १६ ते १८ ब्रिक्सला उतरवितों. त्याची वाइन केलीच तर मद्यार्क नऊदहा टक्क्यांपलीकडे क्वचित् जातो, आणि मद्यार्क कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. शिवाय खाण्याच्या द्राक्षाची साल पातळ व रस पुष्कळ. वाइनला साल जाड व मणी लहान लागतो. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों हीं नाशिककडे लावलेलीं वाइनचीं वाणें या कारणानेंच निराळीं. थॉमसनचा मांडव तसाच ठेवून चांगली वाइन करूं म्हणणें हें दुभत्या म्हशीस नांगरास जुंपण्यासारखें आहे.

रस तसाच ठेवला तर त्याची वाइन होते. वाइन हवेस उघडी ठेवली तर दुसरे जीव येऊन मद्यार्काचा सिरका करतात. म्हणजे वाइन ही रस आणि सिरका या दोन गांवांच्या वाटेवरील धर्मशाळा आहे. तिला तेथें थांबवून धरण्यासाठीं मनुष्यास सतत कांहीं करावें लागतें. फ्रान्स देशांतील वाइन वाटेंतच आंबूं लागली, तेव्हां १८६३ सालीं तेथील बादशहा तिसरा नेपोलियन यानें लुई पाश्चर या शास्त्रज्ञास याचा शोध लावण्यास सांगितलें. पाश्चरनें दाखवून दिलें कीं, हा बिघाड जीवांमुळें होतो, व वाइन ५५ ते ६० अंशांपर्यंत कांहीं वेळ तापविली तर ते मरतात. त्याचा ग्रंथ १८६६ मध्यें निघाला. पुढें दुधास हीच युक्ति लागू पडली व तिला पाश्चरचेंच नांव मिळालें. चांगल्या वाइनचा सुवास मात्र तापविण्यानें जातो. म्हणून आज कारखान्यांत गाळणें, थंड ठेवणें व गंधकाचा अल्प अंश घालणें या तीन उपायांवर भर असतो. हा गंधक आमच्या बागाईतदारांस नवा नाहीं. द्राक्षाच्या पेटींत जो गंधकाचा कागद घालतात, त्यांतून निघणारा वायु व वाइनमधील रक्षक वायु एकच.

लोणचें मीठ, तेल व आंबट यांच्या जोरावर टिकतें. वाइनचे राखणदार चार: आंबटपणा, तुरटपणा, साखर व मद्यार्क. हिरड्यांत किंवा जांभळांत जो तुरटपणा असतो तसाच द्राक्षाच्या सालींत व बियांत असतो. लाल वाइन सालीसकट आंबवितात म्हणून ती तुरट. पांढरी नुसत्या रसाची म्हणून सौम्य. यावरून लाल वाइन सामान्यतः पांढरीपेक्षां अधिक टिकते, हें ओघानेंच आलें.

आतां मुदती सांगतों. बूच न काढलेली बाटली थंड व अंधाऱ्या जागीं ठेवली आहे, असें येथें गृहीत आहे. रोजच्या विक्रीची पांढरी व गुलाबी वाइन एक ते दोन वर्षें चांगली राहते. तशीच साधी लाल दोन ते तीन वर्षें. फेसाची साधी वाइन दोन-तीन वर्षें. डब्यांतली किंवा खोक्यांतल्या पिशवीची वाइन वर्षाच्या आंतच संपवावी, कारण पिशवींतून हवा हळूहळू शिरते. ओकच्या पिंपांत मुरविलेली, तुरट व आंबट दोन्ही भरपूर असलेली उंची लाल वाइन पांच ते दहा वर्षें सुधारत जाते. आणि फ्रान्सच्या बोर्दो प्रांतांतील थोड्या मळ्यांची वीस-तीस वर्षेंही राहते. लिलांवांत लाखांना विकल्या गेल्याच्या बातम्या आपण वाचतों त्या या शेवटच्या वर्गाच्या, आणि त्या वर्गांत एकंदर मालाचा अगदीं लहान अंश बसतो. आपल्या राज्यांतील बहुतेक वाइन पहिल्या तीन वर्गांत मोडते. ती विकत घेऊन मुलाच्या लग्नासाठीं राखून ठेवणें व्यर्थ आहे.

बाटलीवरील सालाबाबत एक बारकावा ध्यानांत घ्यावा. आमच्याकडे द्राक्ष जानेवारी ते मार्च या काळांत उतरतें, युरोपांत ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणून एकाच सालाची देशी बाटली ही विलायती बाटलीपेक्षां सहासात महिन्यांनीं वडील असते. आम्हीं उभ्या जन्मांत सात-बाऱ्याचे उतारे तपासले, तेव्हां तारखेचें हें वेड आम्हांस आहे असें वाचक म्हणतील. पण सहा महिने कोणते गेले हें पाहिलें म्हणजे हा बारकावा क्षुल्लक वाटणार नाहीं.

कारण ते सहा महिने उन्हाळ्याचे असतात. युरोपांत द्राक्ष उतरलें, वाइन आंबली, कीं पुढें हिवाळा उभा असतो. नवी वाइन आपोआप थंड तळघरांत निवळते, गाळ खालीं बसतो, जीव झोपतात. आमच्याकडे फाल्गुनांत वाइन झाली कीं पुढें चैत्र-वैशाख. जालन्यास मे महिन्यांत पारा ४१-४२ अंशांवर जातो. जें बालक जन्मतांच उन्हांत ठेवावें लागतें, त्याच्या संगोपनास खर्च निराळाच येणार. युरोपांतील जुन्या पद्धति निसर्गानें फुकट दिलेल्या थंडीवर रचलेल्या आहेत. आपल्याला ती थंडी विजेच्या बिलानें विकत घ्यावी लागते.

उष्णतेनें काय होतें? रसायनशास्त्राचा एक स्थूल नियम असा कीं, उष्णता दहा अंशांनीं वाढली म्हणजे पदार्थांतील घडामोडींचा वेग सुमारें दुप्पट होतो. वाइन ठेवण्यास १२ ते १४ अंश ही सर्वांत योग्य उष्णता मानतात. १३ वरून २३ ला गेलें तर दुप्पट, ३३ ला चौपट, ४३ ला आठपट. म्हणजे पत्र्याखालील माळ्यावर बाटलीनें काढलेला मे महिना हा तळघरांतील निदान आठ महिन्यांएवढा झाला. आणि हें वय तिला शहाणपण आणणारें नव्हे. मंद गतीनें मुरतांना जे सुवास तयार होतात ते घाईंत होत नाहींत; उलट शिजलेल्या मुरंब्याचा वास येतो, पांढरी वाइन पिवळट-तपकिरी पडते, लाल वाइन विटकरी होते. म्हणून आमचें मत असें कीं, मराठवाड्यांत वाइनचें वय वर्षांनीं मोजूं नये, उन्हाळ्यांनीं मोजावें. ज्या साध्या बाटलीनें थंडाव्यावांचून एक उन्हाळा काढला, तिला म्हातारी समजावी. दोन काढले असतील तर तिची आशा सोडावी.

चढउतार हा उष्णतेइतकाच वाईट. दुपारीं वाइन तापून फुगते व बुचास वर रेटते. पहांटे आकुंचन पावून बाहेरची हवा आंत ओढते. अशा रीतीनें बाटली रोज श्वास घेऊं लागली कीं थोड्याच दिवसांत आंतली वाइन आंबते. बूच वर सरकलेलें किंवा त्याच्या कडेनें चिकट ओघळ आलेला दिसला तर दुकानदार कितीही सूट देवो, ती बाटली घेऊं नये. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें. त्यावर मोठा वाद होऊन तें लांबणीवर पडलें. चर्चा झाली ती बहुतेक नीतीची. मे महिन्यांत रात्रीं दुकानाची वीज बंद झाल्यावर फळीवरील बाटलीचें काय होणार, ही चर्चा आमच्या तरी वाचनांत फारशी आली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आपल्याकडेही जुन्या वाड्यांत तळघरें आहेत, धान्याचीं पेवें होतीं. तेथें वाइन ठेवावी. कल्पना चांगली, पण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जमिनीखालीं कांहीं पुरुष खोल गेल्यावर उन्हाळा-हिवाळा जाणवत नाहीं व उष्णता बारमाही एकसारखी राहते, हें खरें. परंतु ती किती राहते? त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीएवढी. फ्रान्सच्या शँपेन प्रांतांत खडूच्या दगडांत खोदलेल्या तळघरांत दहा-बारा अंश राहतात, कारण तेथील वर्षाची सरासरीच तेवढी आहे. जालन्याची सरासरी २६ अंशांच्या आसपास. तेव्हां आमचें तळघर कितीही खोल असलें तरी तें १३ अंशांचें होणार नाहीं. तें चढउतार थांबवील, ४२ चे २६ करील, आणि हा लाभ लहान नाहीं. पण त्याच्या भरंवशावर वाइन वर्षानुवर्षें ठेवतां येणार नाहीं.

घरीं एखाददुसरी बाटली आली असेल, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यानें भेट दिली असेल, तर ती कोठें ठेवावी? माळ्यावर नाहीं, स्वयंपाकघरांत चुलीजवळ नाहीं, देवळीशेजारीं जेथें संध्याकाळचें ऊन येतें तेथें तर मुळींच नाहीं. उजेडानेंही वाइन बिघडते. बाटली हिरवी किंवा तपकिरी करतात ती त्यासाठींच, आणि पांढऱ्या कांचेची बाटली असेल तर तिला कापडांत गुंडाळावी. माळवदाच्या घरांतील मधली, खिडकी नसलेली खोली सर्वांत बरी. तेथें जमिनीवर, भिंतीच्या कडेस बाटली आडवी निजवावी. आडवी कां, तर झाडाच्या सालीचें बूच ओलें राहावें म्हणून. कोरडें बूच आकसतें व हवेस वाट देतें. पिळाचें धातूचें झांकण असेल तर उभी ठेवली तरी चालते, आणि हल्लीं देशी वाइनला बहुधा असेंच झांकण असतें. शेजारीं कांदे, लसूण, रॉकेल, फवारणीचीं औषधें असूं नयेत. वास बुचांतून शिरतो, आणि औषधांची गोष्ट तर वासापुरती नव्हे.

शीतकपाट असेल तर उन्हाळ्याचे चार महिने त्यांत ठेवावी हेंच उत्तम. फार थंडीनें वाइन खराब होत नाहीं. कधीं कधीं तळाशीं साखरेसारखे खडे दिसतात, ते द्राक्षाम्लाचे असून निरुपद्रवी आहेत. बर्फाच्या कप्प्यांत मात्र घालूं नये. वाइन गोठली कीं फुगून बूच उडवते किंवा कांच फोडते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाहीं किंवा विजेचा भरंवसा नाहीं, त्यांनीं दिल्लीच्या पुसा संस्थेनें काढलेल्या शून्य ऊर्जा शीतकक्षाचा उपयोग करावा. भाजीपाला टिकविण्यासाठीं आमच्या कांहीं वाचकांनीं तो बांधलाही असेल. विटांच्या दोन भिंती, मधल्या तीन इंच फटींत वाळू, सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर पाणी, वर गवताचें किंवा बारदानाचें झांकण. रांजणांतील पाणी ज्या युक्तीनें गार होतें तीच ही युक्ति. जालन्याची वैशाखांतील हवा अतिशय कोरडी, म्हणून बाहेर ४२ अंश असतां आंत २६-२८ सहज मिळतात. बाटलीवरील कागद ओलीनें बुरसतो, एवढाच तोटा. पावसाळ्यांत हवा ओली झाली म्हणजे ही युक्ति काम देत नाहीं, पण तेव्हां तिची गरजही उरलेली नसते.

बूच काढलेल्या बाटलीचा हिशेब वर्षांचा नसून दिवसांचा. फेसाची वाइन एक ते तीन दिवस, पांढरी, गुलाबी व लाल तीन ते पांच दिवस, तींही बूच घट्ट लावून शीतकपाटांत ठेवल्यास. लाल वाइन थंड ठेवूं नये असा कांहींचा आग्रह असतो. तो पिण्याच्या वेळेपुरता आहे, ठेवण्याच्या वेळेस नव्हे. अर्धी उरली असेल तर ती धुतलेल्या लहान बाटलींत कांठोकांठ भरावी. वर हवेस जागाच उरली नाहीं म्हणजे आणखी एकदोन दिवस मिळतात. गोव्याकडे पोर्ट म्हणून जी गोड वाइन विकतात, तिच्यासारखी साखर व वरून घातलेला मद्यार्क असलेली वाइन उघडल्यावरही दोनतीन आठवडे राहते.

फार जुन्या वाइनच्या कथा सांगितल्या जातात त्यांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. जर्मनींत श्पायर गांवीं १८६७ मध्यें एका रोमन थडग्यांत चौथ्या शतकांतील बाटली सांपडली; तींतील द्रव अजून द्रवच आहे व ती तेथील संग्रहालयांत ठेवली आहे. स्पेनांत कार्मोना येथें रोमन थडग्यांतील एका कलशांतला सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा द्रव पांढरी वाइन असल्याचें २०२४ मध्यें रसायनशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. हे चमत्कार खरे. पण टिकणें आणि पिण्याजोगें राहणें यांत अंतर आहे. खरा अपवाद मदेरा बेटावरील वाइनचा. ती जहाजांतून उष्ण समुद्र ओलांडतांना तापली व बिघडण्याऐवजीं सुधारली, असें अनुभवास आल्यावर तेथील लोक तिला मुद्दाम ४५-५० अंशांवर निदान तीन महिने ठेवूं लागले. ती शंभर वर्षें राहते. मग आमचा वैशाखही तेंच काम करील असा तर्क कोणी लढवील, तर तो चालणार नाहीं. मदेरांत वरून मद्यार्क घालून तो १७ ते २० टक्क्यांवर नेलेला असतो व तिचें द्राक्ष विलक्षण आंबट. साध्या वाइनपाशीं हीं दोन्ही शस्त्रें नसतात.

आपल्या वैद्यकांतील द्राक्षासवाची गोष्टही अशीच. मनुकांच्या काढ्यांत गूळ किंवा साखर, धायटीचीं फुलें व मसाल्याचीं औषधें घालून तें तोंड बंद करून आंबवितात. आसवें जुनीं होतील तितकीं गुणकारी अशी वैद्यांची परंपरा आहे. त्यांतील मसाले, गोडी व घोटाघोटानें घेण्याचा प्रघात पाहतां ती परंपरा आसवापुरती समजतां येते. तीच वाइनला लावल्यामुळें आपल्याकडील समजूत झाली असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां शेतकऱ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपीट झाली तेव्हां पंचनाम्याच्या कामांत आम्ही द्राक्षबागांतून हिंडलों. मणी फाटून रस ओघळत होता व दुसऱ्या दिवशीं बागेंत आंबूस वास सुटला होता. एका बागाईतदारानें विचारलें, "भाऊसाहेब, आतां हीं वाइनवाल्याला तरी चालतील का हो?" चालत नाहींत. फाटलेल्या मण्यांत सिरक्याचे जीव वेलीवरच कामास लागलेले असतात. अशा द्राक्षाची वाइन टाकींत जाण्यापूर्वींच म्हातारी झालेली असते. वाइनला सडकें द्राक्ष चालतें ही समजूत मोहाच्या भट्टीवरून आलेली दिसते. भट्टींत अर्क उडवून घेतात, वाइनमध्यें द्राक्षाचा गुण-अवगुण जसाचा तसा उतरतो.

बरें, चांगलें द्राक्ष, वाइनचेंच वाण, कराराप्रमाणें पिकविलें तर? त्यासाठीं नाशिक भागाचा अनुभव पाहावा. नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाची वाइन काढून या धंद्यास आरंभ केला होता. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, जकातींत सवलत दिली, विंचूर व पलूस येथें वाइन उद्यानें काढलीं. कारखाने भराभर निघाले व शेतकऱ्यांनीं करारावर विश्वास ठेवून वाइनचे वेल लावले. पुढें जगांत मंदी आली, २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला होऊन हॉटेलें ओस पडलीं, व वाइनचा खप एकाएकीं उतरला. कारखान्यांच्या टाक्या आदल्या वर्षाच्या वाइननें भरलेल्या राहिल्या. २००९ व २०१० च्या हंगामांत अनेकांचें द्राक्ष वेलीवरच राहिलें किंवा मातीमोल गेलें, आणि कित्येकांनीं वेल उपटले, कित्येकांनीं त्यांवर खाण्याच्या वाणाचीं कलमें बांधलीं.

हें कां झालें तें टिकाऊपणाच्या दृष्टीनें पाहा. एक टन द्राक्षापासून साडेसहाशें लिटरांच्या आसपास वाइन होते, आणि तिला फेब्रुवारींत रिकामी टाकी लागते. टाकी रिकामी होण्यास आदल्या सालची वाइन विकली गेली पाहिजे. ती जुनी होऊन महाग होणाऱ्या जातीची असती, तर कारखानदारानें ती बाजूस काढून ठेवली असती व नव्यास जागा केली असती. पण साधी वाइन जुनी झाली कीं स्वस्त होते, आणि तिला थांबवून धरण्यास दिवसरात्र यंत्रानें थंड ठेवावें लागतें. साठ्याचा भार असा उलट चालत येऊन शेवटीं वेलीवर पडतो. कारण सर्वांत कमी थांबूं शकणारी वस्तु शेतकऱ्याच्या हातीं असते. म्हणून जो कोणी पुढें अशा करारावर सही करील, त्यानें दर विचारण्यापूर्वीं कारखान्याच्या टाक्या किती लिटरांच्या, त्यांना थंडाव्याची व्यवस्था आहे कीं नाहीं, गेल्या वर्षाचा माल किती शिल्लक आहे, व टाकी भरलेली असल्यास द्राक्ष न उचलण्याची भरपाई करारांत लिहिली आहे काय, हें विचारावें. तोंडी आश्वासनास सरकारदरबारीं किंमत नसते, हें आम्ही कचेरींत तीस वर्षें पाहात आलों.

बेदाण्याची गोष्ट यापेक्षां बरी. चार किलो द्राक्षाचा सुमारें एक किलो बेदाणा होतो, तो करण्याची विद्या सांगली-तासगांवकडून आपल्याकडेही येण्यासारखी आहे, आणि चांगला सुकविलेला बेदाणा शीतगृहांत वर्षभर राहतो. मुख्य म्हणजे तो शेतकऱ्याच्या नांवावर राहतो. पावतीवर कर्ज काढतां येतें व भाव पाहून विकतां येतो. वाइन तशी शेतकऱ्याच्या नांवावर राहूं शकत नाहीं. आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्यावांचून घरच्या मडक्यांत वाइन करणें हा गुन्हा आहे, आणि बाटल्या बाळगण्यासही नियम आहेत. शंका असल्यास जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कचेरींत चौकशी करावी.

राहतां राहिली बिघडलेली बाटली. आंबलेली किंवा उन्हानें शिजलेली वाइन विषारी नसते, फक्त बेचव असते. सिरक्याचा झणझणीत वास येत असेल तर ती आपल्या वाटेनें निघालीच आहे. तिला रुंद तोंडाच्या बरणींत ओतून वर फडकें बांधावें व सावलींत ठेवावी, म्हणजे पूर्ण सिरका होऊन लोणच्याच्या कामीं येईल. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास असेल तर दोष बुचाचा आहे. तो सिरका झाला तरी जात नाहीं, अशी बाटली मोरींत ओतावी.